लागलेलं कालवण

इंग्लंडातल्या ओल्डममध्ये त्या सकाळी पाऊस नव्हता. म्हणजे पडायचा राहिला होता, इतकंच. ढग जुन्या गिरण्यांच्या धुराड्यांना टेकून बसले होते आणि वारा असा, की डोक्यावरची ओढणी दातांत धरूनच चालावं. रौशनारा बेगम पावणेसहाला कारखान्याच्या फाटकातून आत शिरली. बूट बदलले, केसांवर जाळी चढवली, निळा डगला घातला, हातमोज्यांवर हातमोजे ओढले आणि थंड दालनात जाऊन उभी राहिली. बाहेरची थंडी परवडली, आतली त्याहून कडक. फ्रीजमध्ये आठ तास उभं राहणं म्हणजे काय, हे फ्रीजमधल्या कोथिंबिरीलाच विचारावं.

पट्टा सुरू झाला. काळे, दोन खणांचे डबे एकामागोमाग एक सरकत येऊ लागले. एका खणात भात, दुसऱ्यात कोंबडीचे तुकडे, आणि वरच्या नळीतून धबकन पडणारा नारिंगी मसाला. नळी कधी नीट बसे, कधी पिचकारी उडवी. उडालेला शिंतोडा पुसायचा, नाहीतर वरचा पातळ कागद चिकटत नाही, हे रौशनाराचं काम. चौदा वर्षं हेच. हा डबा सुपरमार्केटातून घरी जातो, तिथं चार मिनिटं गरम होतो आणि गोरा माणूस टीव्हीसमोर बसून तो खातो.

"तुझं काय, आता बाईसाहेब होणार तू," शेजारची नसीम भातावर नजर ठेवून म्हणाली. नसीम पाकिस्तानातल्या मीरपूरची, तोंडानं तिखट. "उबेत बसून चमच्यानं चाखायचं आणि पगार घ्यायचा. आम्ही आपल्या गारठलेल्या कोंबड्या मोजतो."

"मिळू दे तर आधी."

"न मिळायला काय झालं? चव ओळखायच्या परीक्षेत अठरापैकी अठरा बरोबर आलं म्हणे तुझं. जीभ आहे की मांजरीचं नाक?"

गेल्या हिवाळ्यापासून रौशनाराची बोटं पांढरी पडत होती. आधी टोकं, मग पेरं, मेणबत्त्यांसारखी. डॉक्टरीणबाईनं ती दाबून पाहिली आणि सांगितलं, थंडीतलं काम सोडा. सोडा म्हणे! विसाव्या वर्षी बांगलादेशातल्या सिलहटकडच्या बिश्वनाथहून ती या देशात आली. पहिली काही वर्षं तिला घरापासून बसथांब्यापर्यंतचाच इंग्लंड माहीत होता. या कारखान्यानं तिला बस दाखवली, बोलायला माणसं दिली. काम सोडलं की पुन्हा खिडकीत बसून समोरच्या घराचा कचऱ्याचा डबा बघायचा. म्हणून चव-खोलीत दोन जागा निघाल्याची नोटीस लागली, तेव्हा तिनं लेकीकडून, तहमिनाकडून, ती दोनदा वाचून घेतली. खोली उबदार होती. एवढ्यासाठी ती काहीही चाखायला तयार होती.

काहीही म्हणजे मांस सोडून, कारण ते हलाल नसायचं. ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चव-खोलीची मुख्य जिलियन, चहासुद्धा आधी हुंगून मग पिणारी सडपातळ बाई, म्हणाली होती, "मसाला वेगळ्या हंड्यात शिजतो. मांसाची आणि त्याची गाठ पट्ट्यावरच पडते. तुम्हाला नुसता मसालाच देऊ." रौशनाराला हे चौदा वर्षांपासून ठाऊक होतं, पण विचारलेलं बरं.

साडेदहाला बोलावणं आलं. पाच बायका आणि प्रत्येकीपुढे पाच छोट्या वाट्या. वाट्यांवर नुसते आकडे. सगळ्यांत तोच नारिंगी मसाला. समोरच्या कागदावर दोन रकाने, एक चांगल्याचा आणि एक दोषाचा.

पहिल्या तीन वाट्या तिला तोंडपाठ होत्या. हा आपला हंडा, हा आपलाच पण साखर जास्त, हा दुसऱ्या कुणाच्या कारखान्याचा. चौथी वाटी जिभेवर पडली आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

लागलंय!

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिच्या हातून सालन लागलं होतं. घरात शिजतं ते सालन. करी हा शब्द हॉटेलातला, गोऱ्यांपुरता. सासू एक शब्द बोलली नाही. तिनं पातेलं उचललं, अंगणात मधोमध आडवं टाकलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. आल्यागेल्यानं काळा तळ बघावा आणि अंगूर मियाची बायको कुठल्या घरची, ते विचारावं. त्यानंतर आजतागायत रौशनारानं चुलीवर काही ठेवलं, की तिचा हात पळीवरून सुटला नव्हता.

तिनं दोषाच्या रकान्यात लिहिलं, 'करपलं'. खाली तिच्या वेड्यावाकड्या इंग्रजीत आणखी लिहिलं, गाजर आहे, कोथिंबिरीचे देठ आहेत, तेल कालचं आहे.

कागद गोळा करून जिलियन बाकीच्यांना सोडायला गेली आणि परत येऊन तिच्यासमोर बसली.

"चार नंबरमध्ये गाजर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"गोड आहे. साखरेचा गोड वेगळा."

"बाकी चौघींनी चार नंबरला पाचपैकी पाच दिले. तुम्ही म्हणता, फेकून द्या. तुमची जीभ सगळ्यांत चांगली की सगळ्यांत वाईट, तेच मला कळत नाही." जिलियननं खालून एक पुठ्ठ्याचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. "हा आपला नाही. काल संध्याकाळी बाहेरून आणला. लोक ह्याच्यासाठी रांग लावतात, आणि आपला डबा नाइलाज असला की घेतात. आपलं आलं जास्त ताजं, टोमॅटो जास्त चांगले, सगळं ग्रॅमवर तोललेलं. तरी ह्यात काहीतरी आहे जे आपल्यात नाही. मी दोन वर्षं शोधतेय. तुम्ही त्याला दोष म्हणालात, म्हणजे निदान तुम्हाला ते सापडलं तरी. गुरुवारी मला सांगा, ते नेमकं काय आहे. मग जागेचं ठरवू."

रौशनारा झाकणाकडे बघत होती. त्यावर निळ्या पेनानं दोन अक्षरं होती, आणि दुसऱ्या अक्षराची शेपटी माशाच्या गळासारखी वळलेली. ही शेपटी तिच्या फ्रीजवरच्या चिठ्ठीत रोज असायची: कांदे, दूध, तहमिनाचा बसपास.

"हे... कुठलं?" तिनं विचारलं.

"सुरमा. स्टेशनजवळचं हॉटेल."

"हं," रौशनारा म्हणाली.

सुरमाचा शेफ अंगूर मिया. बावीस वर्षांच्या संसारातला तिचा नवरा. आणि बावीस वर्षांत त्याच्या हातची करी तिनं आज पहिल्यांदा चाखली होती.

यात नवल असं काही नव्हतं. त्यांच्या गल्लीत दर तिसऱ्या घरातला पुरुष कुठल्या ना कुठल्या हॉटेलात करी रांधायचा, आणि त्यातली एकही करी गल्लीत यायची नाही. हॉटेलात पुढं दारूच्या बाटल्या, म्हणून बायका जात नाहीत. नोकरमाणसं आपल्यासाठी वेगळं मासळीचं सालन करतात. घरी बायको रांधते. करी कोण खाणार? पण परक्याच्या खोलीत, परक्याच्या चमच्यानं नवऱ्याचं अन्न तोंडात जावं आणि आपण त्याला फेकायला सांगावं, हे मात्र नवलच.

दोन दिवस ती गप्प राहिली. पण गप्प बसायला जीभ लागते आणि तिच्या जिभेवर ती चव ठाण मांडून बसली होती. शिंक यावी आणि अडावी तसं झालं. वाईट होतं ते? वाईट होतं, तर दुसरा घोट का घ्यावासा वाटला?

सोमवारी दुपारी अंगूर मिया कामावर निघताना मफलर गुंडाळत होता, तेव्हा ती म्हणाली, "अवो, ऐकलंत का? येताना थोडा मसाला आणाल? तुमच्या तिथला."

अंगूर मियाचा हात मफलरवरच थांबला. "कशापायी? बरं न्हाई का तुला?"

"बरी हाय की."

"मग कुणी पाव्हणा गोरा येणार हाय का?"

"मलाच पायजे."

"तहमिनाची अम्मा," तो खुर्चीवर बसला, "खरं काय ते सांग. बावीस वर्सांत तू कदी मसाला मागितला न्हाईस. म्या म्हातारा झालो तवा मागतीस, म्हंजी काय तरी काळंबेरं हाय."

मग तिला सांगावंच लागलं. वाटी, आकडा, झाकणावरची शेपटी, सगळं. त्यानं मान हलवत ऐकलं. रांग लावतात म्हटल्यावर मिशीतल्या मिशीत हसला. मग तिनं दोषाच्या रकान्याचं सांगितलं.

"काय लिवलंस?"

"करपलं म्हणून."

"माज्या करीला?"

"मला काय ठावं तुमची हाय म्हणून! वाटीवर नाव असतं व्हय?"

"नाव नसलं तर काय झालं? नवऱ्याचा हात वळखू येत न्हाई तुला?"

"कसा वळखावा? कदी खाऊ घातलंत?"

"तू कदी मागितलंस?"

"मागितलं होतं. तहमिना पोटात होती तवा. तुमी म्हणालात, ते आपल्यासाटी नसतं, सायबासाटी असतं."

अंगूर मियाला हे आठवत नव्हतं. पण तो असं म्हणाला असणार, हे त्यालाही कळत होतं. तो उठला, मफलर पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. दारात जाऊन म्हणाला, "करपलं म्हणं! उद्या ये तीन वाजता. मागल्या दारानं. तवा हाटेल रिकामं असतं. डोळ्यानं बग आणि मग लिव काय लिवायचं ते."

मंगळवारी पाळी संपवून ती गेली. पिशवीत कारखान्याचा एक डबा होता. वेष्टण वाकडं लागलेले डबे कामगारांना स्वस्तात मिळतात. तिनं त्यातला पनीरचा घेतला होता, मसाला तोच.

मागच्या दारात तंदूरवाला कोईस चाचा बादलीवर बसून विडा चघळत होता. तिला बघून तो असा ताडकन उठला की बादली आडवी झाली. "भाबी! तुमी? हितं? शेफ, भाबी आल्यात! कुणी मेलं का?"

"तुमची बादली मेली, चाचा," रौशनारा म्हणाली आणि आत शिरली.

आत तिच्या उंचीचं पातेलं रटरटत होतं. वीस किलो कांदा, गाजर, कोबीचा दांडा, कोथिंबिरीचे देठ, सगळं एकजीव होऊन त्याचं पिवळट पाणी झालेलं. ह्याला हॉटेलातली मंडळी गरबी म्हणतात. गोऱ्यांच्या ग्रेव्हीचं सिलहटला जाऊन आलेलं नाव. सगळ्या करींची ही एकच आई.

"ही तुमची गुपित इद्या?" तिनं विचारलं. "कोबीचा दांडा?"

"गप बस आणि बग."

अंगूर मियानं ॲल्युमिनियमची एक पसरट तवली भट्टीवर ठेवली. आगीचा आवाज असा, की बोलणं बुडालं. तेल, लसूण, चिमूटभर मसाला, टोमॅटो, मग गरबीची एक पळी. फस्सकन वाफ उठली. आणि मग त्यानं पळी खाली ठेवली.

रौशनारा बघत राहिली. मसाला उकळत होता, कडेनं घट्ट होत होता, तवलीच्या काठावर त्याची तांबडी साय धरत होती, ती तपकिरी होत होती, आणि हा माणूस कमरेवर हात ठेवून उभा!

"अवो, लागंल."

"लागू दे."

"लागतंय!"

"लागू दे म्हणतो ना."

साय काठाला काळसर झाली. तो वास तिच्या नाकात गेला, आणि पुढचं तिनं केलं नाही, तिच्या हातानं केलं. पळी उचलली, तवली खरवडून भराभरा ढवळली आणि शेजारच्या तांब्यातलं पाणी वर ओतलं.

मग कोईस चाचा दाराला धरून हसू लागला.

"या अल्ला!" अंगूर मिया ओरडला. "बाई हाय का आगीचा बंब?"

"हात ऱ्हायला न्हाई माजा."

"माज्या आईनं तुजी वाटच लावली ती. आता हितंच ऱ्हा. हात मागं बांद. चाचा, भाबीचा हात धरायला कुणी न्हाई, भिताडाला टेकून उबी ऱ्हा म्हणावं."

दुसरी तवली चढली. ह्या वेळी ती भिंतीला टेकून, ओढणीची गाठ मुठीत आवळून उभी राहिली. काठावर साय धरली, तपकिरी झाली, आणि तिला वाटलं आता गेलं, नेमक्या तेव्हा अंगूर मियानं पळीच्या पाठीनं काठ खरवडून सगळं आत ओढलं. पुन्हा गरबी. पुन्हा थांबला. पुन्हा धरू दिलं. पुन्हा खरवडलं. तीनदा. तळाला मात्र त्यानं एकदाही काही धरू दिलं नाही. दर थोड्या वेळानं तवलीला हिसडा देत होता, न बघता, मूल जोजवावं तसा.

तीन वाट्या शेजारी मांडल्या. तिचा बुडवलेला मसाला, त्याचा मसाला, आणि कारखान्याचा डबा गरम करून.

आधी तिनं त्याचा खाल्ला. आता डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळं असेल, पण जीभ बिचकली नाही. काठाचा खमंगपणा आधी आला, मग टोमॅटोचा आंबटपणा, मग गाजराची गोडी, आणि गिळल्यावरही काहीतरी मागं रेंगाळलं. "बरं हाय," ती म्हणाली. बावीस वर्षांत नवऱ्याच्या रांधण्याला मिळालेली ही पहिली पावती अंगूर मियानं खाली मान घालून घेतली.

तो कारखान्याच्या वाटीकडे वळला. घोट घेतला, मग दुसरा. "आलं फसकिलास हाय. आमच्यापरीस चांगलं. मीठ बरुबर, मसाला बरुबर." तिसरा घोट. "मग हे मेलं कशानं?"

रौशनारानं तेवढ्यात स्वतःचा बुडवलेला मसाला चाखला होता. तिनं कारखान्याचा चाखला. पुन्हा स्वतःचा. तिनं डोळे मिटून वाट्या हातानंच अदलाबदल केल्या आणि पुन्हा चाखल्या.

"अवो," ती म्हणाली, "ही दोन्ही सारखीच हायत."

"काय सांगतीस?"

"चाखा."

त्यानं चाखलं. चाचानं विडा थुंकून चाखलं. सारखंच होतं, एकात पाणी जास्त इतकंच.

"आमच्या हंड्यात लोखंडी पातं फिरत असतं," रौशनारा सावकाश म्हणाली. ते तिला आत्ताच समोर दिसत होतं. "चारशे किलोचा हंडा. आत मसाला पडल्यापासून काढेपर्यंत पातं थांबत न्हाई. कडा खरवडतंय, तळ खरवडतंय, काय धरूच देत न्हाई. हंडा न्हाई तो. सासूला भ्यालेली सून हाय."

अंगूर मिया इतका हसला की त्याला ठसका लागला.

चाचा मात्र हसला नाही. "भाबी, हे त्यांना सांगू नका. आता रांग निस्ती शनवारी, शुक्करवारी निम्मी मेजं रिकामी असत्यात. त्या डब्यांनीच खाल्लं आपल्याला."

रौशनारानं नवऱ्याकडं पाहिलं. सांगितलं नाही, तर गुरुवारी तोंड मिटून परत पट्ट्यावर. आणि हे त्यालाही ठाऊक होतं. रात्री तिची बोटं तोच आपल्या काखेत धरून उबवायचा.

"सांग," तो म्हणाला. "बिनघोर सांग. चारशे किलोचं लागलं तर चारशे किलो उकिरड्यावर जाईल. त्यांना लागू द्यायचं आसंल तर तवली घ्यावी लागंल, आणि एका मानसाचं एका वक्ताला करावं लागंल. तसं करायला लागले, तर त्ये बी हाटेलच झालं की. मग मी जातो तिथं नोकरीला. काम दुपारचं, शनवार-आयतवार सुटी."

गुरुवारी तिनं जिलियनला सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. जिलियननं लिहून घेतलं नाही. ती उठली, चव-खोलीच्या छोट्या स्वयंपाकघरात गेली, तवली चढवली, डब्यातला मसाला ओतला आणि शेगडी पूर्ण वाढवली. "कधी थांबवायचं?"

"मी सांगते."

काठ धरू लागला. तपकिरी झाला. "आता," रौशनारा म्हणाली. पण दोन वर्षं शोधलेली गोष्ट डोळ्यांसमोर होताना पाहून जिलियनचं भान गेलं होतं. "अजून थोडं," ती म्हणाली, "अजून थोडं," आणि तळातून निळा धूर वर आला. छतावरच्या पांढऱ्या डबीनं एकदा डोळा मिचकावला, आणि सबंध कारखान्यात भोंगा वाजू लागला.

पट्टे थांबले. तीनशे माणसं निळ्या जाळ्या घालून अंगणात येऊन उभी राहिली. आता पाऊसही पडायचा राहिला नव्हता.

"कुणी केलं हे?" नसीम कुडकुडत विचारत होती. रौशनारा तिच्या मागं सरकली. सासूनं निदान पातेलंच अंगणात टाकलं होतं. इथं अख्खा कारखाना अंगणात आला होता.

गर्दीतून जिलियन आली. केस भिजलेले, हातात अजून चमचा. तिनं तो रौशनारापुढे धरला. "हे?"

रौशनारानं टोकाला जीभ लावली. "हे करपलं. तळातलं आहे. कडू. हे दोषातच लिहा." मग चमच्याची पाठ तिनं जिभेवर घेतली, तिथं काठावरचं थोडं चिकटलेलं होतं. "आणि हे लागलं. हे चांगल्यात."

जिलियननं स्वतः दोन्ही बाजू चाखल्या. पाऊस तिच्या चष्म्यावरून ओघळत होता. "चार नंबर," ती हळूच म्हणाली. तिनं चष्मा पुसला. "हंड्यात हे होणार नाही."

"नाही होणार."

"माझ्या कागदावर करपणं आणि लागणं ह्यांना एकच शब्द आहे." तिनं चमचा खिशात घातला. "मला दोन शब्दवालं माणूस पाहिजे. सोमवारपासून वर या. भोंग्याचं मी बघते."

"म्हणजे तूच!" नसीम किंचाळली. "आम्हाला पावसात उभं करून बाईसाहेब झालीस?"

"सुकल्यावर बोल," रौशनारा म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना.

दोन वाजता पाळी सुटली. तिनं वाटेत किराणावाल्याकडून रात्रीच्या सालनासाठी सिलहटहून बर्फात आलेला बोआल मासा घेतला, घरी येऊन तो मोरीच्या टबात टाकला आणि कोमट पाणी सोडलं. मासा दगडासारखा कडक होता. तो सैल होईपर्यंत तिनं तांदूळ निवडले, कांदे सोलले, तहमिनाचा वाळत घातलेला शर्ट उलटा केला. मग बाह्या वर सारल्या, शेपटीकडून मासा घट्ट धरला आणि सुरीच्या पाठीनं त्याच्यावरचा बुळबुळीत चिकटा खरडायला बसली.